जुलाब आणि प्रतिजैविके

रायपूरहून बिलासपूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर सिलतरा ही लोखंड-पोलादाच्या कारखान्यांची वसाहत आहे. भर उन्हाळ्यात भट्टीपुढे उभा राहणारा कामगार घामावाटे पाणी आणि मीठ गमावीतच असतो. अशा माणसास जुलाब लागले, तर त्याची पावले औषधाच्या दुकानाकडे वळावीत, हे स्वाभाविक आहे. रोजाचा खाडा त्याला परवडत नाही. मात्र तेथे पुष्कळदा हाती पडते ते प्रतिजैविक, आणि बहुतेक वेळा त्याची गरज नसते.

तीव्र अतिसाराचे बहुतेक रोगी थोड्या दिवसांत आपोआप बरे होतात. जिवावर बेतते ते शरीरातील पाणी आटल्यामुळे. पटकीचेच पाहा. कलकत्त्याच्या शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखविले की, हा जंतू एक विष सोडतो आणि त्या विषामुळे पाणी व क्षार आतड्यात झरू लागतात. डॉक्सिसायक्लिनची एक मात्रा हा झरा लवकर आटवते. परंतु तोवर रोग्यास तगविते ते मीठ-साखरेचे पाणीच. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ! रोगी अगदीच गळून गेला असेल, तर शिरेवाटे सलाईन द्यावे लागते.

शौचातून रक्त पडत असेल आणि ताप असेल, तर मात्र प्रतिजैविकाचा विचार वैद्याने करावयाचा. तेथेही अडचण आहेच. एके काळी हमखास लागू पडणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सासिनला आज अनेक जंतू दाद देत नाहीत.

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्त्याच्या परिसरात हातापायांतील बळ हरपण्याची, म्हणजे गुइलेन-बॅरे रोगाची साथ आली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. अनेकांना आधी जुलाब झाले होते, आणि काहींच्या शौचात कॅम्पिलोबॅक्टर हा जंतू सापडला. त्याच्याशी झुंजण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे निर्माण करते, ती कधी कधी आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात. अशी पाळी या जंतूने पछाडलेल्या हजारांत साधारण एकावर येते. अॅझिथ्रोमायसिन लवकर दिल्यास जुलाबाचा काळ दीडएक दिवसाने घटतो, परंतु पुढील दुर्बलता त्याने टळते, असे सिद्ध झालेले नाही. म्हणून जुलाबानंतर एक ते तीन आठवड्यांत पायांत मुंग्या येऊ लागल्या, जिना चढणे जड झाले, तर दुकानातील गोळीत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. तेथील उपचार निराळे असतात, आणि ते लवकर सुरू झालेले बरे.