तिजोरी, कॉट आणि भाड्याची खोली

घरगुती फर्निचरचे ढोबळ प्रकार तीन: झोपण्या-बसण्याचे, सामान ठेवण्याचे आणि कामाचे. पलंग, दिवाण, सोफा पहिल्यात येतात, कपाट, शोकेस, मांडणी दुसऱ्यात, टेबल-खुर्च्या तिसऱ्यात. कोल्हापूरजवळच्या कागल पंचतारांकित एमआयडीसीसारख्या औद्योगिक वसाहतीभोवती भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या कामगाराला मात्र आणखी एक कसोटी लावावी लागते, ती म्हणजे सामान टेम्पोत चढेल का? घडीची लोखंडी कॉट आणि एकावर एक रचता येणाऱ्या प्लास्टिकच्या खुर्च्या इथे सोयीच्या ठरतात.

कोल्हापूरकडे पत्र्याच्या कपाटाला सर्रास तिजोरी म्हणतात. गोदरेजने अशी कपाटे 1923 पासून बनवली; पुढे लहान वर्कशॉपांनीही ती घडवायला घेतली. घेताना रंगापेक्षा पत्र्याची जाडी, बिजागरी आणि कुलूप पाहावे. लाकडात सागवान टिकाऊ, पण महाग. प्लायवुड मधला मार्ग. भुसा दाबून केलेला पार्टिकल बोर्ड स्वस्त असतो. कडेची पट्टी निघून पाणी शिरले की तो फुगतो, आणि कोल्हापूरचा पावसाळा काही थोडका नसतो.

विक्रेतेही निरनिराळे. सुतार जागेच्या मापाने वस्तू करून देतो, गावातला दुकानदार लग्नसराईत कपाट-पलंगाचा संसार सेट विकतो, कधी हप्त्यानेही. कंपन्यांच्या शोरूममध्ये वॉरंटी मिळते. 2012 साली सुरू झालेल्या पेपरफ्रायने ऑनलाइन विक्री रुळवली. आयकियाचे भव्य दालन डिसेंबर 2020 मध्ये नवी मुंबईत उघडले. तिथल्या अनेक वस्तू सुट्या भागांत येतात, जोडणी घरी करायची. ऑनलाइन घेताना पोहोच, जोडणी आणि परतीच्या अटी आधीच वाचाव्यात.