तातडीच्या विभागातील बालकांची क्रमवारी आणि परिचारिकेचा निर्णय



पावसाळ्यात तापाची साथ आली, की दर्शनास येणाऱ्या माता-पित्यांकडून एक खंत आमच्या कानी येते. "आम्ही मुलाला घेऊन आधी पोहोचलो होतो, तरी नंतर आलेल्या मुलाला सिस्टरांनी आधी आत घेतले." या खंतीतून रुग्णालयात वाद होतात आणि त्या वेळी प्रत्येक मिनिट मोलाचे असते. म्हणून या विषयाची माहिती भाविकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

आपल्या मंदिरात दर्शनाची रांग आगमनाच्या क्रमाने चालते. तरीही वृद्ध, गर्भवती व तान्ह्या बाळांच्या माता यांना आपण पुढे जाऊ देतो आणि त्यास कोणी अन्याय म्हणत नाही. तातडीच्या विभागातील रांग याच न्यायाने, परंतु अधिक काटेकोरपणे लावलेली असते. या पद्धतीस 'ट्रायाज' म्हणतात. हा शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ निवड किंवा वर्गवारी असा आहे. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक लारे यांनी जखमी सैनिकांना हुद्द्याप्रमाणे नव्हे, तर जखमेच्या गंभीरतेप्रमाणे उपचार देण्याची रीत रूढ केली. आजच्या पद्धतीचे मूळ तेथे मानले जाते.

बालकांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने तयार केलेल्या पद्धतीची प्रशिक्षण पुस्तिका २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात बालकांचे तीन गट केले आहेत. पहिला गट तत्काळ उपचाराचा. श्वासमार्गात अडथळा, श्वासाचा तीव्र त्रास, हातपाय गार पडून नाडी क्षीण व जलद होणे, शुद्ध हरपणे, आकडी येणे, जुलाबामुळे शरीरातील पाणी अतिशय कमी होणे, ही त्याची लक्षणे होत. दुसरा गट प्राधान्याचा. दोन महिन्यांखालील बाळ, फार चढलेला ताप, विषबाधा, मोठी भाजल्याची जखम, तीव्र वेदना, अतिशय फिकेपणा, दोन्ही पायांवर सूज, उघड दिसणारे कुपोषण अशी बालके त्यात येतात. उरलेली बालके तिसऱ्या गटात, म्हणजे नेहमीच्या रांगेत थांबू शकतात.

आता मुख्य प्रश्न. डॉक्टर येण्यापूर्वी परिचारिकेने केलेली ही निवड कितपत विश्वसनीय असते? हे तपासण्याची एक रीत अशी, की एकाच बालकास दोन परिचारिकांनी स्वतंत्रपणे पाहावे आणि दोघींचा निर्णय जुळतो का ते पडताळावे. परंतु केवळ जुळलेल्या निर्णयांची टक्केवारी फसवी ठरू शकते. बहुतेक बालके साध्या तापाची असतील, तर दोघी नीट न पाहताही 'थांबू शकेल' असेच म्हणतील आणि एकमत आपोआप दिसेल. योगायोगाने होणारे हे एकमत वजा करणारे 'कप्पा' नावाचे माप जेकब कोहेन यांनी १९६० साली मांडले. त्यात १ म्हणजे पूर्ण एकमत, तर ० म्हणजे निव्वळ योगायोगाइतके एकमत.

या मापाने पाहता प्रशिक्षित परिचारिकांचे निर्णय योगायोगापेक्षा पुष्कळच अधिक जुळतात. मात्र कागदावर लिहिलेल्या उदाहरणांत एकमत अधिक असते आणि प्रत्यक्ष बालकापुढे ते कमी होते. याची कारणे समजण्याजोगी आहेत. तान्हे बाळ आपले दुखणे सांगू शकत नाही. रडण्याने श्वास व नाडी दोन्ही वाढतात. वयाप्रमाणे सामान्य आकडेही बदलतात. अतिगंभीर बालक ओळखताना सहसा मतभेद होत नाही; तो होतो मधल्या गटात. शिवाय एकमत म्हणजे अचूकता नव्हे. दोघींकडून एकच चूकही होऊ शकते. त्यातही गंभीर बालकास सौम्य समजणे ही चूक अधिक घातक होय.

मग विश्वसनीयता वाढते कशाने? याचे बोधप्रद उदाहरण महाराष्ट्रातील गडचिरोलीत सापडते. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांनी तेथे गावातील आरोग्यसेवकांना व निरक्षर दाईंनाही बालकांचा न्यूमोनिया ओळखण्यास शिकविले. ज्यांना मोजता येत नसे, त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मणी असलेले साधे उपकरण तयार केले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. या उपक्रमाने न्यूमोनियाचे बालमृत्यू कमी झाल्याचे १९९० साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकातून प्रसिद्ध झाले. नियम स्पष्ट, मोजमाप सोपे आणि सराव नियमित असेल, तर पदवी नसलेल्या हातांचाही निर्णय भरवशाचा ठरतो, हे यातून दिसले. मग प्रशिक्षित परिचारिकेविषयी शंका घेताना आपण थांबून विचार करावयास हवा.

तथापि हा निर्णय अंतिम नसतो. बालकाची प्रकृती घटकेत पालटते, म्हणून त्याची पुन्हा पुन्हा तपासणी होणे हा या पद्धतीचाच भाग आहे. येथे पालकांचे साहाय्य अमूल्य ठरते. यास्तव भाविकांस आमचे नम्र निवेदन असे :

१. बाळाचे नेमके वय, आजार किती दिवसांचा, शेवटची लघवी केव्हा झाली, दूध पिते की नाही, आकडी आली होती का, कोणते औषध दिले, हे सर्व न लपविता सांगावे. अंगारा अथवा झाडपाल्याचे औषध दिले असल्यास तेही संकोच न करता सांगावे.

२. बाळ शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळास ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास होत असल्यास तो जलद श्वास समजावा व परिचारिकेस सांगावे.

३. थांबलेले असताना बाळ सुस्त झाले, पिणे सोडले, बरगड्यांखालची छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर दिसले किंवा आकडी आली, तर आपली पाळी येण्याची वाट न पाहता तत्काळ परिचारिकेस हाक मारावी.

४. आपल्याला थांबविले म्हणजे आपल्या मुलाची उपेक्षा झाली, असे मानू नये. त्या घटकेला दुसऱ्या मातेचे बाळ अधिक संकटात असते, एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो. बाळ अत्यवस्थ असताना काही कुटुंबे प्रथम मंदिरात येतात. श्रद्धेचा आम्हांस आदरच आहे. परंतु अशा वेळी आधी १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि रुग्णालय गाठावे. प्रार्थना वाटेतही करता येते, नवस नंतरही फेडता येतो.

बऱ्हाणपुरातील व पंचक्रोशीतील सर्व बालके सुखरूप राहोत, हीच श्रींच्या चरणी प्रार्थना.

आपले विनीत,
विश्वस्त मंडळ, बऱ्हाणपूर