शिरूरचा कॉम्प्युटर, दौंडचा मोबाइल आणि गायब झालेले पाच हजार: डेटा सिंक म्हणजे नक्की काय?

आज सिंकबद्दल बोलू, आणि सुरुवात माझ्याच चुकीपासून करू.

आमच्या काकांचं शिरूरला खत-बियाण्यांचं दुकान आहे. दौंडचं दुकान चुलतभाऊ, म्हणजे दादा बघतो. गिऱ्हाइकं बरीचशी तीच, कारण न्हावरा-चौफुला रस्त्यावरची माणसं दोन्हीकडे येतात-जातात. उधारीची वही मोडीत काढून मी एक छोटं ॲप बनवून दिलं. शिरूरला ते कॉम्प्युटरवर, दौंडला दादाच्या मोबाइलवर. दोन्हीकडचा डेटा एक कसा करायचा? मी म्हटलं, "सोप्पं आहे. दादा, रात्री डेटाबेसची फाइल व्हॉट्सॲपवर पाठव. काका, तुम्ही ती जुनीच्या जागी टाका."

एका शेतकऱ्याची बाकी होती १२,००० रुपये. सकाळी त्यांनी शिरूरला ५,००० जमा केले. दुपारी दौंडला २,००० चं औषध उधार नेलं. रात्री दौंडची फाइल आली आणि शिरूरच्या फाइलवर बसली. बाकी दिसू लागली १४,०००. खरी होती ९,०००. महिन्याभराने काकांनी पैसे मागितले, तेव्हा त्या माणसाने खिशातून पावती काढून दाखवली. इतक्या वर्षांचा व्यवहार आणि काकांची मान खाली. चूक मात्र माझी होती.

कॉपी म्हणजे सिंक नव्हे

कॉपी अख्खी फाइल बदलते. सिंक फक्त बदललेल्या नोंदींची देवाणघेवाण करतं. वरच्या गोष्टीत दोन्ही फाइलींत काहीतरी नवीन होतं. त्यामुळे कुठलीही एक ठेवली, तरी दुसरीतलं गेलंच असतं.

आणखी एक गंमत. अँड्रॉइड ॲप्समध्ये डेटा बहुतेक वेळा एसक्यूलाइट नावाच्या डेटाबेसमध्ये असतो. ॲप चालू असताना ताज्या नोंदी कधीकधी मुख्य फाइलशेजारच्या 'वॉल' फाइलमध्ये असतात. नुसती मुख्य फाइल उचलली, तर या नोंदी मागेच राहू शकतात.

मग मी काय बदललं?

१. बाकी नाही, व्यवहार पाठवा. "बाकी १४,०००" हा आकडा सिंक करायचाच नाही. "५,००० जमा", "२,००० नावे" अशा नोंदी पाठवायच्या आणि बाकी दोन्हीकडे हिशोबाने काढायची. १२,००० वजा ५,००० अधिक २,०००, म्हणजे ९,०००. नोंदी कुठल्याही क्रमाने येऊ देत, उत्तर तेच.

२. नोंदीला एकमेव ओळख द्या. १, २, ३ असे नंबर दिले, की शिरूरला ५०१ नंबरची नोंद होते आणि दौंडलाही ५०१ होते. कुठली खरी? म्हणून १२८ बिटचा यूयूआयडी वापरतात. दोन उपकरणांनी एकमेकांना न विचारता बनवला, तरी तो सारखा निघण्याची शक्यता जवळजवळ शून्य. शिवाय तीच नोंद नेटवर्कच्या गडबडीत दोनदा आली, तरी ओळखता येते.

३. घड्याळावर भरवसा नको. "शेवटचा बदल खरा" हा नियम सोपा वाटतो. पण दुकानातल्या जुन्या कॉम्प्युटरचा सेल उतरला, की त्याची तारीख कित्येक वर्षं मागे जाते. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ मध्येच यावर उपाय मांडला: वेळेऐवजी वाढता नंबर वापरा. समोरून मोठा नंबर आला, तर आपला त्याच्याही पुढे न्या. तरीही दोघांनी एकाच वेळी गिऱ्हाइकाचा फोन नंबर बदलला असेल, तर ॲपने दोन्ही दाखवून माणसालाच विचारावं.

४. खोडलेल्याचीही खूण ठेवा. दादाने नोंद डिलीट केली, पण कॉम्प्युटरवर ती आहेच. पुढच्या सिंकला ती भुतासारखी परत येते. म्हणून नोंद लगेच पुसायची नाही, "रद्द" अशी खूण करायची. ही खूणही सिंक होते.

हे तुम्ही आधीच पाहिलंय

१५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेलं ई-पीक पाहणी ॲप आठवा. शेतात रेंज नसली तरी पिकाची माहिती फोनमध्ये भरून ठेवता आली आणि रेंज आल्यावर अपलोड करता आली. तत्त्व हेच: आधी फोनमध्ये साठवा, मग पाठवा. पण पाठवेपर्यंत ती माहिती फक्त तुमच्या फोनमध्येच असते. त्याआधी ॲप काढलं किंवा "क्लिअर डेटा" दाबलं, तर गेली!

दोन मिनिटांची परीक्षा

कुठल्याही ॲपवर हिशोब ठेवण्याआधी हे करा. दोन्ही उपकरणांचं इंटरनेट बंद करा. दोन्हीकडे एकाच खात्यात वेगवेगळी नोंद टाका. आता इंटरनेट चालू करा. दोन्हीकडे दोन्ही नोंदी दिसल्या आणि बेरीज जुळली, तर ॲप कामाचं. एखादी गायब झाली, तर सध्या वहीच बरी.

आणि हो, सिंक म्हणजे बॅकअप नाही. एकीकडे झालेली चूक सिंक इमानदारीने दुसरीकडेही पोहोचवतं. म्हणून आठवड्याला एक वेगळी कॉपी काढाच. आमचे काका आता ॲप वापरतात, बॅकअपही घेतात. पण पावती पुस्तक अजून गल्ल्यातच असतं, आणि ते काढा असं मीही त्यांना म्हणत नाही.