कोहळा आणि कांदा

नवरात्रातील ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी त्र्यंबोलीच्या भेटीस टेकडीवर जाते. तेथे कुमारिकेच्या हस्ते त्रिशूळाने कोहळा फोडला जातो आणि त्याचा तुकडा मिळविण्यासाठी एकच झुंबड उडते. हा कोहळा म्हणजे असुराचे शीर, अशी श्रद्धा आहे. आषाढात याच टेकडीवर पंचगंगेचे नवे पाणी पी-ढबाकच्या तालावर वाजत-गाजत येते, पायऱ्यांवर वाहिले जाते आणि मटणाचा नैवेद्य होतो. देवी एकच, एकदा फळ, एकदा पशू. मग खरी पूजा कोणती?

हा पेच आपल्यापुरता नाही. ज्या रोमशी व्यापारामुळे आपल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर समुद्रदेव पॉसिडॉनची ब्राँझमूर्ती येऊन पोहोचली, त्या रोमलाही तो पडला होता. तेथे बळीच्या पशूवर मीठ मिसळलेले भरड पीठ शिंपडीत. पशू बुजून सुटला तर अपशकुन मानीत. काळीज वगैरे आतील भाग देवासाठी अग्नीत जाई. उरलेले मांस माणसे खात. बळी म्हणजे देवासह केलेले भोजनच होते.

पण त्याच रोमची एक कथा कवी ओव्हिडने सांगितली आहे. विजेच्या शांतीसाठी ज्युपिटरने राजा न्यूमाकडे शीर मागितले. राजाने कांद्याचे देऊ केले. देवाने माणसाचे म्हणताच राजा केस देण्यास तयार झाला. जीवच हवा म्हटल्यावर त्याने मासळीचा कबूल केला. देव हसला आणि प्रसन्न झाला! आपला कोहळा या कांद्याचा सख्खा भाऊच नव्हे काय?

रोमन घरांत तर नित्याच्या पूजेला पशू क्वचितच लागे. भिंतीतील कोनाड्यात 'लारेस' हे घराचे रक्षक देव असत. घरचा कर्ता पुरुष त्यांना धूप, मद्य, फुलांची माळ आणि ताटातला घास अर्पण करी. इ. स. 79 मध्ये राखेखाली गाडल्या गेलेल्या पाँपेई नगरात असे कोनाडे आजही दिसतात. 392 साली सम्राट थिओडोसियसने पशुबळीबरोबर ही घरगुती पूजाही कायद्याने बंद केली. मोठ्या वेद्या बंद करून भागत नाही, धर्माचे मूळ चुलीपाशी असते, हे त्याने ओळखले असावे.

आपल्या देव्हाऱ्यातील टाकांपुढे आई रोज नैवेद्याचे पान ठेवते आणि मगच आपली पाने वाढते. कोहळा की बोकड, हा वाद आपण जरूर घालावा. मात्र एकमेकांच्या नैवेद्याला नावे ठेवण्यापूर्वी, दोन्हींच्या मुळाशी आपल्या घासातला घास देण्याची भावना आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.