परतून न येणाऱ्याची टीप

तंजावरच्या बृहदीश्वराचं दर्शन घेऊन आम्ही जवळच्या खानावळीत केळीच्या पानावर जेवलो. वर डबरा-टंबलरमधली फेसाळ कॉफी झाली. बिलासोबत बडीशेप आली आणि माझा हात आपसूक पाकिटाकडे गेला. वाढपी अण्णांची नि माझी पुन्हा गाठ पडणार नव्हती. मग वीसची नोट कशासाठी?

पुढच्या खेपेला नीट वाढावं म्हणून टीप द्यायची, असं मानलं तर वाटसरूने छदामही ठेवायला नको. १९८६ साली डॅनियल कानेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी लोकांना विचारलं, की दहा डॉलरच्या जेवणावर बहुतेक जण किती टीप ठेवतील? नेहमीच्या हॉटेलसाठी सरासरी उत्तर आलं १.२८ डॉलर. जिथे पुन्हा जाणं होणार नाही अशा परगावच्या हॉटेलसाठी १.२७!

म्हणजे टीप उत्तम सेवेची पावती असेल? तेही फारसं खरं नाही. मायकेल लिन आणि मायकेल मॅकॉल यांनी अनेक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा टिपेतल्या चढउतारापैकी जेमतेम दोन टक्के सेवेच्या दर्जाशी जुळले. उलट, एवढंसं चॉकलेट मोठं काम करून जातं. डेव्हिड स्ट्रोमेट्झ यांच्या २००२च्या प्रयोगात वाढपी बिलासोबत एक चॉकलेट देई, जायला निघे आणि आठवण झाल्यासारखा वळून आणखी एक देई. काहीच न देता मिळणारी टीप बिलाच्या सुमारे १९ टक्के होती, ती २३ टक्क्यांवर गेली. एकदम दोन चॉकलेटं दिल्यावरही एवढी वाढ झाली नाही. ‘हे खास माझ्यासाठी’ असं वाटलं, की परतफेडीची ओढ लागते. शिवाय रीत मोडल्याची टोचणी असतेच, कुणी पाहत नसलं तरी.

मला हे अस्वस्थ करतं. दिवसभर पायांवर उभं राहणाऱ्याची कमाई आपल्या मनाच्या लहरीवर का टांगावी? याच मुलखात सरफोजी राजांच्या काळी रामेश्वरच्या यात्रेकरूंना चत्रमांत, म्हणजे धर्मशाळांत, फुकट जेवण मिळे. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ चत्रम त्यांतलंच. खर्चासाठी जमिनी लावून दिलेल्या असत. चूल जेवणाऱ्याच्या खुशीवर पेटत नसे.

मी नोट बशीखाली सरकवली. अण्णा पलीकडच्या पानावर रसम वाढत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही.