आधी वाटीभर, मग पंक्तीला

शेजारणीकडून नव्या पदार्थाची कृती मिळाली, तर शहाणी गृहिणी तो एकदम पंक्तीला वाढत नाही. आधी वाटीभर करते, घरच्यांना चाखायला देते आणि जमला तरच दिवाळीच्या फराळात घालते.

संगणकवाल्यांचीही रीत हीच. मराठी शिकविणाऱ्याने त्यांच्या प्रांतात डोकावणे हे धाडसच. पण त्यांचा ‘फीचर फ्लॅग’ मला मुळीच परका वाटला नाही. प्रोग्राममध्ये नवी, अजून कच्ची, म्हणजे ‘बीटा’ सोय घातलेली असते. मात्र तिच्या दाराला कडी असते. ती आधी मोजक्यांसाठी काढायची, आणि बिघडले तर तत्क्षणी लावायची. नुसते बटण लपवून भागत नाही. कडी कंपनीच्या मुख्य यंत्रावर, आतल्या बाजूने हवी.

आमच्या गडचिरोलीने ही रीत संगणकावाचून अनुभवली आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने नवजात बालकांची घरच्या घरी शुश्रूषा करण्याचा प्रयोग मांडला, तो ३९ गावांत. तुलनेसाठी ४७ गावे वेगळी ठेवली. तिथे नेहमीच्या सेवा चालू होत्या. प्रयोगाच्या गावांतही घाई नव्हती. १९९५-९६ साली केवळ निरीक्षण झाले; मग गावातल्याच शिकवून तयार केलेल्या बायकांनी बाळाला ऊब देणे, कोंडलेला श्वास सुरू करणे, जंतुसंसर्गावर औषध देणे ही कामे हाती घेतली. तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांपेक्षा नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी भरले. १९९९ साली ‘लॅन्सेट’ने हे जगापुढे मांडले.

आता वाचक विचारतील, त्या ४७ गावांतल्या आयांचे काय? प्रश्न रास्त आहे. सिद्ध न झालेला उपाय सर्वांवर लादणे घातक. पण सिद्ध झाल्यावर दार बंद ठेवणे हाही अन्यायच. ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत ही घरची शुश्रूषा देशभर नेण्याची सरकारी योजना आली, तेव्हा २०११ साल उजाडले होते!

संगणकाच्या जगातही विसरलेली कडी महाग पडते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतील ‘नाइट कॅपिटल’ कंपनीने जुनाच फ्लॅग नव्या कामाला जुंपला. एका यंत्रावर जुना प्रोग्राम तसाच राहिला होता. तो जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटींहून अधिक डॉलर बुडाले.

तेव्हा कडी लावणे हे शहाणपण खरेच. पण ती वेळेवर काढणे हे कर्तव्य होय.