व्होल्टेज चुकतंय, पण नेमकं कुठं?

एप्रिलची दुपार, तीनचा सुमार. सिडकोतल्या घरी भिंतीच्या सॉकेटवर मीटर लावला, तर 212 व्होल्ट. गल्लीतले कूलर आणि बोअरच्या मोटारी एकदम चालू होत्या. त्याच सॉकेटवर रात्री साडेअकराला 246 निघाले. मधल्या वेळात टेबलावरच्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरच्या किटला मी हातही लावला नव्हता. तरी डायग्राममध्ये 250 व्होल्ट छापलेल्या जागी दुपारी 241 होते आणि रात्री 280.

छत्रपती संभाजीनगरात घरी किट जोडणाऱ्यांचा पहिला गैरसमज इथंच होतो: आकडा जुळत नाही, म्हणजे किटमध्ये खोट आहे. खरं तर 220 व्होल्टसाठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर 246वर चालला की त्याचं प्रत्येक सेकंडरी व्होल्टेज सुमारे बारा टक्क्यांनी वाढतं. फिलामेंटचे 6.3 व्होल्ट 7च्या पुढं जातात, आणि व्हॉल्व्हला साधारण 5.7 ते 6.9च मानवतात. जुन्या फिलिप्स रेडिओच्या पाठीमागं मेन्सचं व्होल्टेज निवडायची सोय असे, ती याचसाठी. किटच्या ट्रान्सफॉर्मरला 240 व्होल्टची तार असेल, तर आपल्याकडं तीच जोडावी. आणि दर वेळी आधी सॉकेट मोजून तो आकडा वहीत लिहावा. त्याच्याशिवाय पुढच्या आकड्यांना अर्थ नाही.

छापलेला आकडा तंतोतंत यायला हवा, हाही हट्ट नको. फेंडर कंपनीच्या जुन्या डायग्रामवर तर व्होल्टेजमध्ये वीस टक्के कमीजास्त चालेल असं छापलेलंच असे. 250च्या जागी 235 आले म्हणून रात्र जागवू नका. 250च्या जागी 90 आले, तर मात्र थांबा.

सगळ्यात महागात पडणारा समज म्हणजे ‘व्होल्टेज चुकलं, व्हॉल्व्ह गेला’. मग जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात जुने रेडिओ धुंडाळायचे, पुण्याच्या तपकीर गल्लीत कुणाला तरी पाठवायचं, बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सचा जुना व्हॉल्व्ह मिळाला की दुप्पट पैसे मोजायचे. नवा व्हॉल्व्ह बसवला तरी आकडा तोच! हाताने जोडलेल्या नव्या किटमध्ये बहुतेक वेळा दोष आपल्या सोल्डरिंगचा असतो, किंवा रंगपट्ट्या वाचताना झालेल्या चुकीचा. तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे 100 किलोओहम, तपकिरी-काळा-नारिंगी म्हणजे 10. पिवळ्या बल्बच्या उजेडात हे दोन रंग सहज फसवतात.

व्होल्टेजवरून करंट काढायची सवय लावा, बरीच कोडी तिथंच सुटतात. ईसीसी83 या व्हॉल्व्हला 250 व्होल्टचा पुरवठा, प्लेटला 100 किलोओहम आणि कॅथोडला 1500 ओहम असेल, तर सुमारे 0.86 मिलिअँपिअर करंट वाहतो. म्हणजे प्लेटच्या रेझिस्टरवर 86 व्होल्ट पडून प्लेटवर 164 दिसायला हवेत आणि कॅथोडवर 1.3. माझ्या किटमध्ये प्लेटवर 249 होते, कॅथोडवर सुमारे 4. कॅथोडचा आकडा सांगत होता की करंट तिप्पट आहे; प्लेटचा आकडा सांगत होता की करंटच नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असायला एकच वाट होती: कॅथोडच्या रेझिस्टरचा रस्ता तुटलेला. भिंगातून पाहिलं, तर रेझिस्टरच्या अर्थिंगकडच्या टोकाला सोल्डर चमकत होतं, पण तारेभोवती केसाएवढी काळी रेघ होती. ड्राय सोल्डर. पुन्हा सोल्डर केलं आणि प्लेट 166वर आली. व्हॉल्व्ह ठणठणीत होता.

आउटपुटच्या ईएल84लाही हाच हिशेब. कॅथोडच्या 135 ओहमवर 7.3 व्होल्ट म्हणजे 54 मिलिअँपिअर, ठीक. तिथं 10 व्होल्ट दिसले आणि प्लेट लालसर होऊ लागली, तर लगेच बंद करा. कंट्रोल ग्रिडवर शून्याच्या वर व्होल्टेज असेल, तर आधीचा कपलिंग कंडेन्सर गळत असण्याची शक्यता मोठी. व्हॉल्व्ह काढूनही ते व्होल्टेज राहिलं, तर दोष कंडेन्सरचा. नाहीसं झालं, तर व्हॉल्व्हचा.

मात्र व्हॉल्व्ह काढून मुख्य पुरवठा मोजू नका. लोड नसला की 275 व्होल्टच्या सेकंडरीवरून डीसी 389पर्यंत चढतो. आकडा पाहून घाबरायला होतं, आणि कंडेन्सर 350चा असेल तर तो खरोखरच फुटू शकतो. म्हणून वरची ग्रिडची तपासणी करतानाही कंडेन्सरवर किती व्होल्ट लिहिलेत ते आधी वाचा.

मीटरही फसवतो. स्वस्त पिवळ्या डिजिटल मीटरचा अंतर्गत रोध बहुधा 1 मेगोहम असतो. 1 मेगोहमच्या रेझिस्टरमागचं व्होल्टेज तो निम्मंच दाखवतो. 10 मेगोहमचा घ्या.

पहिल्यांदा चालू करताना सिरीज बोर्ड वापरणं फार चांगलं. पण त्यात फिलामेंटचा बल्बच हवा, एलईडी चालत नाही. आणि बल्ब सिरीजमध्ये असताना घेतलेले आकडे कमीच येणार. डायग्रामशी ताडायचे आकडे बल्ब काढल्यावरचे.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे: घरात ईएलसीबी आहे आणि स्विच बंद केलाय, मग भीती कसली? ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा करंट तुमच्या अंगातून गेला, तरी परत सेकंडरीतच जातो. ईएलसीबीला त्याचा पत्ता लागत नाही. 300 व्होल्टला भरलेला 47 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर 220 किलोओहमच्या ब्लीडरमधून रिकामा व्हायला जवळपास मिनिट घेतो. ब्लीडरचंच सोल्डर सुटलेलं असेल, तर तो कितीतरी जास्त वेळ भरलेला राहतो. प्लग उपसा, एक हात पाठीमागं ठेवा, मुख्य कंडेन्सरवर मीटर लावा, आणि आकडा 5 व्होल्टच्या खाली आल्याशिवाय चॅसीत बोट घालू नका.